चोंदलेलं नाक घेऊन टेस्टिंगला

एका रेस्टॉरंटचा नवीन मेन्यू येणार होता आणि त्याआधी थोड्या लोकांना बोलावून खायला घालायचं, फॉर्म भरून घ्यायचे असा कार्यक्रम ठेवलेला. मला दोघांचं आमंत्रण होतं म्हणून मित्राला विचारलं, तर साहेब नाक पूर्ण चोंदलेलं असताना हजर! म्हणे सर्दी नाही रे, अ‍ॅलर्जी आहे, दर सीझनची कटकट, आणि फुकटचं जेवण कोण सोडतं.

पहिलं सूप आलं. मी वाटी नाकाशी धरून वा वा करतोय आणि हा एक चमचा घेऊन म्हणतो, "गरम आहे. मीठ जास्त झालंय." बास, विषय संपला. मी परत एक घोट घेतला तर खरंच मीठ जास्त होतं, वासाच्या नादात माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे बघा, जिभेला स्वतःला कळतं काय तर गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे मशरूम किंवा रश्श्यात लागते ती भरदार चव, जी १९०८ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी शोधून काढली. बाकी आपण ज्याला चव चव म्हणतो ते बरंचसं नाकाचं काम, घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून वर नाकात चढतो तो. खोटं वाटत असेल तर नाक चिमटीत घट्ट धरून फळाची फोड तोंडात टाका आणि चावा. नुसतं गोड, आंबट आणि ओलं एवढंच कळतं. मग नाक सोडा, एका क्षणात ते फळ कुठलं ते कळतं. मी टेबलावरच करून बघितलं, शेजारच्या काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग आलं तिखट. मला वाटलं याला काय कळणार, तर याच्या डोळ्यातून पाणी, कान लाल. कारण तिखट ही चव नाहीच, ती आग आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या त्याच रिसेप्टरला, म्हणजे नसांवरच्या संवेदना टिपणाऱ्या भागाला, जाऊन चिकटतं जो चटका बसला की जागा होतो, त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञाला २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. नाक चोंदलेलं असो नाहीतर नसो, आग ती आगच. हा गटागटा पाणी पितोय आणि काही फरक नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात धड विरघळतच नाही, दूध मागवलं तेव्हा कुठे गडी बोलायला लागला.

इथे माझी रेस्टॉरंटवाल्यांवर खरी तक्रार आहे. एवढं जाळ तिखट दुसऱ्या नंबरला कोण देतं?? त्यानंतर आलेले दोन हलके पदार्थ, ज्यांच्यावर शेफने बहुतेक सगळ्यात जास्त मेहनत घेतली असणार, ते आमच्या बधिर जिभेवरून नुसते घसरून गेले. सौम्य आधी, जहाल शेवटी, एवढं तरी पाळा ना.

आणि फॉर्म. पाचपैकी किती स्टार, खाली 'अभिप्राय' म्हणून एक ओळ, आणि शेफ स्वतः खुर्चीमागे हसत उभा! कोण लिहिणार खरं? त्यात टेबलावर पहिला माणूस जोरात "मस्त!" म्हणाला की बाकीच्यांच्या जिभा पण मस्तच म्हणतात, आमच्या टेबलावर सगळीकडे चार स्टार. अरे आधी गुपचूप लिहू द्या, मग बोलू द्या.

आमच्या साहेबांनी मात्र वास येत नसल्यामुळे जे कळलं तेच लिहिलं. सूपला मीठ जास्त, तिसऱ्याचं वरचं आवरण टेबलावर येईपर्यंत मऊ पडलंय, चौथं कोमट. शेफने फॉर्म तिथेच उभ्याने वाचला आणि आम्हाला सोडून यालाच विचारायला लागला, आवरण कितपत मऊ, कडेला का मधे, आणल्या आणल्या खाल्लं का थांबून. आम्ही चार स्टारवाले बसलो गप्प.

शेवटच्या आइस्क्रीमवरून आमची जुंपलीच. त्याने पटकन संपवलं आणि पाचपैकी पाच दिले. मी फोटो काढत बसलो तोवर माझं वितळलं आणि भयंकर गोड लागायला लागलं, कारण गार असताना जिभेला गोडवा कमी कळतो म्हणून त्यात साखर मुळातच जास्त घालतात. मी तीन दिले. तो अजून म्हणतोय की फोटोचे दोन स्टार कापले.