आरसा आला का?

परवा दुपारी वरच्या मजल्यावरची मुलगी असाइनमेंट घेऊन खाली आली. बी.ए.ला आहे, मराठी वाङ्मय घेतलंय. एप्रिलची दुपार, कूलरमधलं पाणी संपलेलं त्यामुळे तो नुसती गरम हवा फेकत होता, आणि ही दारात उभी, 'काकू, जरा बघून घ्या ना, उद्या सबमिट करायचं आहे.' विषय काय, तर गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील सिंधूची व्यक्तिरेखा. मला हसूच आलं. म्हणजे सिंधू अजून सुटली नाही बिचारी!

पहिलंच वाक्य, 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे.' मी मोठ्यानं म्हटलं, आला आरसा. तिला काही समजलं नाही, आणि समजायचं कारणही नाही, तो आमच्या घरातला जोक.

बाबा कॉलेजात मराठी शिकवायचे. परीक्षा झाल्या की सुतळीनं बांधलेले पेपरचे गठ्ठे घरी यायचे आणि नेमकं त्याच दिवसांत आईचं वाळवण निघायचं. नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर बसायचं तर सकाळी आठच्या आत, त्यानंतर तिथे फक्त पापड राहू शकतात. त्यामुळे सहा वाजता आई एका बाजूला जुन्या धोतरावर कुरडया घालतेय, आणि बाबा पाण्याच्या टाकीच्या सावलीत चटई टाकून लाल पेन्सिल कानावर ठेवून बसलेत असं चालायचं. माझ्याकडे कामं दोन, कावळे हाकलणं आणि टोटल करून देणं. बाबांनी नवा पेपर उघडला की आई सोऱ्या दाबता दाबता विचारायची, 'आरसा आला का?' बाबा म्हणायचे, 'आला.' क्वचित कधी म्हणायचे, 'नाही आला', तेव्हा आई हात थांबवायची आणि म्हणायची, वाचा बरं मोठ्यानं.

आरशानंतर लेखक-परिचय यायचा. राम गणेश गडकरी, जन्म १८८५, कवी म्हणून गोविंदाग्रज, विनोदी लेखक म्हणून बाळकराम. आणि मग सावनेर. हे मात्र आमच्याकडची पोरं एकदम छातीठोक लिहायची, की गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, कारण सावनेर म्हणजे घरचंच, छिंदवाड्याच्या रोडवर, नागपूरहून एसटीत बसलं की आलंच. तेहतीस वर्षांचा माणूस. 'एकच प्याला' त्यांना रंगमंचावर बघायलाच मिळालं नाही, पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं केलं, बालगंधर्व सिंधू. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, पण पोरं ठोकून द्यायची की पदांमधून गडकऱ्यांच्या काव्यप्रतिभेचं दर्शन घडते, आणि बाबा तिथे समासात बारीक अक्षरात 'गुर्जर' लिहायचे. प्रत्येकाला. दर वर्षी. कोणी वाचायचं की नाही देव जाणे, पेपर काही पोरांना परत मिळत नसत.

मग एकदाचं स्वभावचित्र. सिंधू त्यागी, सोशिक, पतिव्रता, स्वाभिमानी. तिचा दारूत बुडालेला वकील नवरा सुधाकर, बुद्धिमान पण मानी. त्याला दारूची चटक लावणारा तळीराम खलप्रवृत्तीचा. प्रत्येक विशेषणाला एक उतारा आणि शेवटी 'अशा प्रकारे सिंधूची व्यक्तिरेखा अजरामर झाली आहे'. मला खरं सांगायचं तर या पद्धतीचा तितका राग येत नाही, तीन तासांत पाच-सहा उत्तरं खरडायची तर कोणीही विशेषणंच लिहिणार. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आमचा भाचा दहावीत होता तेव्हा गाईड घेऊन येरझारा घालत पाठ करत होता, म्हटलं काय रे पाठ करून राहिला, तर म्हणे स्वमत. अरे, स्वमत म्हणजे तुझं मत ना? तर तो गाईडमध्ये बोट ठेवून म्हणे, हो मामी, हे काय, इथे दिलंय.

मला एक खोड आहे. कोणाचाही असा निबंध हातात आला की मी शेवटच्या पानापासून सुरुवात करते. पहिल्या पानावर सगळे शहाणे असतात. शेवटी कसं, पाठ केलेलं संपलेलं असतं, बेल व्हायला पाच-दहा मिनिटं राहिलेली, पुरवणी मागून तर घेतली आता ती भरायची कशानं, आणि तिथे कुठेतरी पोरगं स्वतः बोलून जातं. बाबांच्या गठ्ठ्यांनी लावलेली सवय ही.

ट्रॅक्टरवालं उत्तर असंच शेवटच्या पानावरचं. त्या वर्षी 'वाडा चिरेबंदी' होतं, महेश एलकुंचवारांचं, १९८५ सालचं नाटक, म्हणजे आमच्याच विदर्भातला वाडा, त्यातले देशपांडे आणि दारात पडलेला तो बंद ट्रॅक्टर. प्रश्न होता ट्रॅक्टरच्या प्रतीकात्मकतेवर. गठ्ठ्यातल्या झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं की ट्रॅक्टर हे ढासळत्या वतनदारीचं प्रतीक आहे, पण एका पोरानं एवढं लिहून झाल्यावर खाली लिहिलं होतं, 'पण ट्रॅक्टर दुरुस्त करता आला असता. आमच्या गावात मिस्त्री आहे. देशपांडे लोकांनी मिस्त्रीला बोलावले नाही कारण त्याला आधीचे पैसे द्यायचे असतील.'

बाबा किती वेळ हसत होते! हसता हसता एकदम गप्प झाले आणि म्हणाले, अरे, बरोबर आहे की. आई म्हणाली, असतेच उधारी अशा घरांची. पुढे घरी कोणीही आलं, पाहुणे म्हणू नका, गॅसवाला म्हणू नका, बाबा तो मिस्त्री सांगायचे. रिटायर झाले त्या दिवशीच्या भाषणातही सांगितला. आणि त्या उत्तराला दिले किती होते? दहापैकी तीन. शेरा, 'उत्तर प्रश्नाला धरून नाही.' मी एकदा मोठी झाल्यावर विचारलं, बाबा तीनच कसे हो? तर म्हणाले, मॉडेल आन्सरमध्ये मिस्त्री नव्हता.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई मॅट्रिकच्या पुढे शिकली नव्हती पण गठ्ठे ऐकून ऐकून तिला सिंधू आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईइतकी माहीत होती, आणि तिच्याबद्दल ती तशीच बोलायची. 'भाऊ घ्यायला आला होता ना तिला? मग काहून नाही गेली?' बाबा म्हणायचे, स्वाभिमान. आई म्हणायची, लोकांचं दळण दळायला स्वाभिमान आडवा नाही आला, भावाच्या घरी जायलाच आला? बाबांकडे यावर उत्तर असायचं, पण ते लांब असायचं आणि तोवर आईचा पुढचा घाणा तयार व्हायचा.

एकदा बाबांचे इंग्रजीचे एक सहकारी चहाला आले होते. आईचं हे असं बोलणं ऐकून त्यांना भलताच उत्साह आला, आणि ते सांगायला लागले की तिकडे ब्रॅडली नावाच्या प्राध्यापकानं १९०४ साली शेक्सपिअरवर पुस्तक लिहिलं, त्यात तो पात्रांचा असाच विचार करायचा, जशी काही ती खरीखुरी माणसं, आणि मग १९३३ मध्ये नाइट्स नावाच्या दुसऱ्यानं त्याची टिंगल करायला निबंध लिहिला, नावच ठेवलं 'लेडी मॅकबेथला मुलं किती होती?' म्हणजे काय वहिनी, त्याचं म्हणणं, असले प्रश्न विचारायचेच नसतात, नाटक हे शेवटी काव्य आहे, शब्दांच्या बाहेर पात्राला आयुष्य नसतं.

आई ट्रे घेऊन उभी. म्हणाली, 'पण किती होती?'

सर म्हणाले, तसं नाटकात सांगितलेलं नाही. नवऱ्याला खुनाला भरीस घालताना ती एका ठिकाणी म्हणते की मी लेकराला पाजलं आहे, पण मूल काही कुठे दिसत नाही.

'मग गेलं असेल,' आई म्हणाली. 'म्हणूनच तशी झाली असेल ती.' आणि कप ठेवून आत गेली.

सर नंतर बराच वेळ बशीत बिस्किट बुडवत बसले होते. नाइट्सचं म्हणणं मला पटतं खरं म्हणजे, बुद्धीला पटतं, पण मॅकबेथ पुन्हा कधीही वाचायला घेतलं की मला ते गेलेलं मूल आहेच असं धरूनच पुढे जावं लागतं, त्याला इलाज नाही.

तर वरची मुलगी. तिची असाइनमेंट मी सवयीनं शेवटून वाचली, तर काय, शेवटचं पानही पहिल्यासारखंच गुळगुळीत. 'सिंधूची व्यक्तिरेखा बहुआयामी असून ती एकीकडे परंपरेचे तर दुसरीकडे मूक प्रतिकाराचे दर्शन घडवते.' एक शब्द इकडचा तिकडे नाही, शुद्धलेखन चोख. मोबाइलमधून काढलंय हे तिनंच सांगितलं, लपवलं नाही, सगळेच तसं करून राहिले म्हणे. पूर्वी गाईड होतं, आता हे, त्यात काही मोठं बिघडलं असं नाही, फक्त यात पुरवणी भरायची धडपड नाही, म्हणजे पोरगं घसरून खरं बोलून जाईल अशी जागाच राहिली नाही, आणि माझ्यासारख्या शेवटून वाचणाऱ्यांची पंचाईत.

मी पान उलटं ठेवलं आणि विचारलं, तुला काय वाटते सिंधूबद्दल?

'खरं सांगू काकू? मला तिचा राग येतो. तो मारतो, आणि ही मरताना पण त्याला वाचवायला खोटं बोलते! त्यापेक्षा तळीरामाची ती बायको बरी. गीता. ती तोंडावर बोलते तरी.'

गीता! इतक्या गठ्ठ्यांमध्ये गीताचं स्वभावचित्र विचारलेलं मला आठवत नाही. म्हटलं, अगं मग हे लिही ना. तर म्हणे, मार्क कटतात. मी तरी काय सांगणार, तिच्या मॅडमना मी ओळखत नाही, आणि बाबांनीसुद्धा तीनच दिले होते. शेवटी तिनं खालच्या मोकळ्या जागेत गीताबद्दल दोन ओळी लिहिल्या, पेन्सिलनं, खोडायला सोपं म्हणून.

आईला मोठ्यानं न वाचून दाखवलेला एक पेपरही होता. मी कावळे हाकलत बाबांच्या मागे उभी होते म्हणून मला दिसला. सुधाकरच्या अधःपाताची कारणे लिहा. सनद रद्द होणे, मानी स्वभाव, तळीरामाची संगत, सगळं नंबर घालून नीट लिहिलेलं, मुलीचं वाटावं असं अक्षर. आणि चौथ्या नंबरावर, 'सुधाकर सकाळी चांगला असतो. आमच्याकडे पण सकाळी चांगले असतात. शपथ रोज घेतात.' त्याखाली रेघ मारून पुढचा प्रश्न सुरू.

आईनं विचारलं, काय झालं, थांबले का? बाबा म्हणाले, काही नाही, अक्षर लागत नाही आहे. त्या पेपरची टोटल त्यांनी माझ्याकडे दिली नाही, स्वतःच केली. पेपरवर फक्त रोल नंबर असायचा, पण कॉलेजातलीच मुलं, बाबांनी ती शोधली असेल किंवा नसेलही, घरी कधी विषय निघाला नाही. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, 'एकच प्याला' काढून दुसरं नाटक लावलं, स्टाफरूममध्ये म्हणे बऱ्याच जणांनी त्यावर हळहळ केली. बाबा घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, बरं झालं.