नाही हो, गोव्याचे नाही, वसईचे!

लिस्बनहून आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, पोप फ्रान्सिस जवळून दिसले का. नाही दिसले. म्हणजे एकदा त्यांची गाडी आमच्या बॅरिकेडसमोरून गेली, पण पुढच्या इटालियन पोरांनी मोबाईल असे काही वर धरले की मला एक पांढरी बाही आणि हलणारा हात एवढंच दर्शन झालं, बाकी सगळं स्क्रीनवर. घरी सोफ्यावर बसून बघणाऱ्या माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त दिसलं आणि ती ते रोज ऐकवते.

तर जागतिक युवा दिन, म्हणजे जगभरच्या कॅथलिक पोरांचा पोपबरोबरचा मेळावा, त्यासाठी आम्ही पोर्तुगालला गेलेलो. खरं तर २०२२ चा, कोविडमुळे २०२३ ला ढकलला. नावात दिन असला तरी कार्यक्रम १ ते ६ ऑगस्ट, शिवाय त्याआधीचा आठवडा पोर्तुगालभरच्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत, यजमान कुटुंबांकडे. व्हिसाचं रामायण सांगत नाही, बीपी वाढतं.

आम्हाला कोइंब्रा शहराच्या बाजूचं एक गाव मिळालं. यजमान आजी-आजोबा, दोघांना इंग्रजीचा गंध नाही, सगळा कारभार त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर. आजींनी पहिल्याच रात्री बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप पुढे ठेवलं, काल्दु व्हेर्द, वर चोरिझोची एक चकती, आणि तो पाला मागच्या वाडीतून आमच्यासमोर कापून आणलेला. आम्ही वसईचे वाडीवाले, सकाळी उठून आजींबरोबर पाणी घालायला गेलो तर त्यांनी आम्हाला पाहुणे मानायचंच सोडलं, सरळ कामाला लावलं. पाहुणचार म्हणजे हा. नाहीतर आमच्याकडे पाहुण्याला खुर्चीतून हलू देत नाहीत, बिचारा बसून बसून आखडतो.

पण आजोबांनी विचारलंच. ‘गोवा?’

हा प्रश्न मला पुढे लिस्बनभर पुरला. मेट्रोत, नाश्त्याच्या रांगेत, बाथरूमच्या रांगेत. भारतातून आलोय म्हटलं की दोनच गोष्टी, आधी ‘भारतात ख्रिश्चन असतात?’ आणि मग ‘अच्छा, गोवा!’ पोर्तुगीजांना तरी मी काय बोलू, इथे आपल्या महाराष्ट्रात आयुष्यभर ‘तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता’ ऐकतोय. अहो, मराठीच बोलणार ना! मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत, रोझरी म्हणजे माळेवरची प्रार्थना मराठीत, भांडणं मराठीत, आणि घरात आजी कुपारीत, आमच्या वसईच्या बोलीत, शिव्या घालते. आजोबांना मी शेवटी सांगितलं, तुमचा एक मोठा किल्ला आमच्या गावात पडून आहे, १७३९ ला चिमाजी आप्पांनी तुमच्याकडून घेतला. नातवाने भाषांतर केलं. आजोबा जरा विचारात पडले आणि मला अजून एक ग्लास वाईन ओतली. माफ केलं असावं.

लिस्बनमध्ये शाळेच्या जिममध्ये जमिनीवर झोप आणि गार पाण्याचे शॉवर. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, फक्त मॅट चांगली न्या, दुकानदार ‘चालेल ही’ म्हणून जी देतो ती चालत नाही. गर्दीचं मात्र आम्हाला काहीच वाटलं नाही. जर्मन मुलं मेट्रोचा डबा भरलेला बघून पुढच्या गाडीसाठी थांबायची, आमच्यातला एक म्हणाला, अरे हा तर साडेअकराचा विरार लोकल आहे, चला, आणि आम्ही आत. ३ तारखेला एदुआर्दो सातव्याच्या पार्कात पोपचं स्वागत झालं, तिथे ते म्हणाले की चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे, ‘तोदुश, तोदुश, तोदुश’, आणि सगळं पार्क तेच ओरडायला लागलं. मीही ओरडलो. मग मागच्या एका बाईंनी हसून विचारलं, गोवा?

आता शनिवार. ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो हा दिवस.

शनिवारी रात्रीची जागरण प्रार्थना पार्क तेजोला, नदीकाठी, पूर्वी त्या जागेत कचऱ्याचं डम्पिंग होतं. समोर वास्को द गामा ब्रिज, जोडरस्ते धरून १७ किलोमीटर लांब, उन्हात नुसता थरथरताना दिसत होता. पाठीवर सॅक, मॅट, दोन वेळच्या खाण्याच्या पिशव्या, आणि चाल चाल चाललो. ऊन मी म्हणत होतं. आम्हाला नेमून दिलेल्या सेक्टरमध्ये पोचलो तर सावली नावाला नाही, एक झाड नाही. माझ्या मावसबहिणीने सांस्कृतिक कार्यक्रमासाठी आजीचं लाल लुगडं आणलं होतं, आजीने शंभरदा बजावून दिलेलं. तिने ते सॅकमधून काढलं, दोन टोकं बॅरिकेडला बांधली, दोन टोकं झेंड्याच्या काठ्यांना, आणि झाला मांडव. नऊवारी असल्याने भरपूर लांब. पाच मिनिटांत त्याखाली आमच्यापेक्षा परकेच जास्त.

त्यात एक जपानी मुलगी होती, उन्हाने लालबुंद झालेली. तिने ठरल्याप्रमाणे विचारलं, भारतात कुठे? मी कंटाळून म्हटलं मुंबईजवळ, वसई, तुला माहीत नसेल, आमच्याकडे एक संत होऊन गेले, ते तुमच्या जपानमध्ये मारले गेले. तिने नाव विचारलं. गोन्सालो गार्सिया, नागासाकी, १५९७.

ती सरळ उठून बसली. ‘ट्वेन्टी सिक्स?’

हो, सव्वीस. ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर चढवलेले सव्वीस जण, त्यातले एक आमचे. आधी व्यापार केलेले, मग फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात ब्रदर झालेले, जपानी चांगली यायची म्हणून दुभाष्याचं काम करणारे. १८६२ ला संत घोषित झाले. आमच्याकडे पोरांना हे तोंडपाठ असतं, गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे, किल्ल्यात आहे. पण वसईबाहेर हे नाव घेतल्यावर समोरच्याचे डोळे चमकलेत असं मी पहिल्यांदाच बघत होतो. तिने मोबाईल काढला, बॅटरी लाल झालेली, शाळेच्या ट्रिपचा फोटो शोधून काढला: निशिझाका टेकडीवरचं स्मारक, एका रांगेत सव्वीस ब्राँझचे पुतळे. आम्ही लुगड्याखाली डोकी एकत्र करून ते पुतळे मोठे करून बघत बसलो, यातले आपले कुठले. तिलाही नीट सांगता येईना. मावसबहीण म्हणाली हा असेल, नाक आपल्यासारखं आहे. मग मी तिला किल्ल्यातल्या चर्चचा फोटो दाखवला आणि तिने त्या पडक्या भिंतींवरून हळूच बोट फिरवलं, आणि माझा घसा एकदम दाटून आला, का ते विचारू नका. इतके दिवस ‘गोवा नाही, गोवा नाही’ करत फिरलो आणि माझं गाव ओळखणारी निघाली ती जपानची.

रात्री पोप आले, पवित्र साक्रामेंत, म्हणजे आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो ती भाकर, समोर ठेवला आणि एवढ्या लाखो पोरांचा आवाज बंद झाला, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. तिथले लोक पंधरा लाखांचा आकडा सांगत होते. मी मात्र मधेच टॉयलेटच्या रांगेत होतो आणि त्या रांगेवर मला स्वतंत्र ब्लॉग लिहायचाय.

रविवारी पहाटे धाडधाड म्युझिकने उठवलं. डीजे कोण, तर चक्क फादर! पांढरी कॉलर आणि हेडफोन. आमच्याकडे लग्नात डीजे लावू नका म्हणून फादर प्रवचनं देतात, त्यांना व्हिडिओ पाठवलाय, अजून निळी टिक आली नाही. मिस्सा झाल्यावर पोपनी सांगितलं, पुढचा मेळावा २०२७ ला सोलमध्ये, तेव्हा कोरियन पोरांनी जो काही आरडाओरडा केला, बापरे. ती जपानी मुलगी गर्दीतून हातवारे करून सांगत होती, सोल आमच्या शेजारीच, या, मग नागासाकीला घेऊन जाते.

मावसबहिणीने आल्या दिवसापासून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीय, सोलपेक्षा नागासाकीचंच भाडं जास्त बघते. अडचण एकच आहे, लुगड्याच्या पदरावर सनस्क्रीनचे डाग पडलेत, ते निघत नाहीयेत आणि आजीने अजून तिच्याशी बोलणं सुरू केलेलं नाही.