शाळेला अजून पंखे नको आहेत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आमची वाडी. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून १४ पोरं आहेत आणि पंखे ८. दोन खोल्यांना आठ पंखे. प्रत्येक पंख्यावर लाल ऑइलपेंटने नाव, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक परिवार, हल्ली मुक्काम नालासोपारा. आधी नावं पात्यांवर लिहायचे, पण पंखा सुरू केला की नाव दिसत नाही अशी एका काकांची तक्रार आली, मग मधल्या वाटीवर बारीक अक्षरात लिहायला लागले. आता तेही दिसत नाही कारण गेल्या पावसाळ्यापासून शाळेची लाईटच कापलेली आहे.

हसू येतं मलाही, पण देणाऱ्यांना हसायचं नाहीये. हे देणारे कोण, तर पोटासाठी मुंबईकडे गेलेले आमचेच गाववाले, कोणी सोसायटीचा वॉचमन, कोणी कुरिअरवाला, कोणी बँकेत कॉन्ट्रॅक्टवर शिपाई, बायका पोळ्या लाटायला जातात. ह्यांनी दोन हजार काढून पंखा दिला म्हणजे त्या महिन्यात घरात काहीतरी कमी आलेलं असतं. आणि हे आजचं नाही. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या, म्हणजे गावातल्या माणसांच्या सामायिक खोल्या होत्या तेव्हापासूनचं आहे, एकेका खोलीत वीस-वीस तीस-तीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, आणि गावाला शाळा, विहीर, देऊळ काहीही व्हायचं असलं की वर्गणी ह्या खोल्यांतून निघायची. १९८२ चा संप झाला, मग हळूहळू गिरण्या गेल्या, माणसं विरार-नालासोपारा, दिवा, बदलापूरकडे पांगली, पण ह्या मुंबईकर गाववाल्यांचं जे मंडळ आहे त्याची सभा अजून लालबागलाच होते कारण विरारवाला आणि दिव्यावाला दोघांनाही तेच मधलं पडतं. मी मंडळात आले ते एक्सेल येतं म्हणून. खजिनदार काकांना डायरीत जमतं पण ऑडिटवाल्याला डायरी चालत नाही, आणि वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यायचा असतो, तर तो आता मी करते. म्हणून हे सगळे आकडे माझ्या डोळ्यांसमोरून जातात आणि म्हणूनच डोकं फिरतं.

पैसा कसा जमतो ते आधी सांगते. वार्षिक वर्गणी असते ती अर्ध्यांची येते, अर्ध्यांची पुढच्या वर्षी देतो म्हणून पुढं ढकलली जाते. मग क्रिकेटच्या टुर्नामेंट, हळदीकुंकू, स्मरणिकेच्या जाहिराती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचा प्रोग्राम. तो आधी परळच्या दामोदर नाट्यगृहात व्हायचा, ते १९२२ चं थिएटर, आमच्यासारख्या सगळ्या कोकणातल्या मंडळांचं हक्काचं. ते पाडकामासाठी बंद झाल्यापासून हॉल शोधण्यातच महिना जातो. तिकिटं तर कोणी आपणहून घेत नाही, प्रत्येक सभासदाच्या गळ्यात पाच-पाच मारायची. दोन्ही शाहिरांची बिदागी, हॉलचं भाडं, साउंड, पाहुण्यांचे हारतुरे, वडापाव हे सगळं गेलं की उरतं त्यात दोन कपाटं आणि वह्यावाटप होतं. वह्यावाटपाला मुंबईवरून १५ माणसं गाडी करून जातात. गाडीचं भाडं आणि वह्यांचं बिल मी एका शीटवर लावलं होतं, अध्यक्ष म्हणाले हे दोन वेगवेगळ्या पानांवर टाक.

आता गावाकडची बाजू. बऱ्याच जणांना वाटतं शाळा सरकारी आहे म्हणजे सरकार सगळं देतं. शिक्षकांचा पगार येतो, खिचडीचा तांदूळ येतो, पुस्तकं येतात, खरंय. पण शाळा रोज चालवायला जो पैसा लागतो तो म्हणजे केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेमधून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान, आणि ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. आमच्या शाळेला १० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, कुलूप, फुटलेली कौलं, आणि लाईटबिल. हे पैसे जूनमध्ये हातात पडत नाहीत, बऱ्याचदा वर्ष संपत आल्यावर येतात आणि मग ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणून घाई. तोपर्यंत गुरुजी खिशातून घालतात. लाईटबिल कोण खिशातून घालणार, ते साचलं, आणि एक दिवस वायरमन येऊन कापून गेला. त्याचंही बरोबर आहे म्हणा.

आम्ही चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारे, घरपट्टी भरतो, बंद घराचीसुद्धा भरतो, पण ती जाते ग्रामपंचायतीला. ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा यायचा, महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला, पण त्यातलाही ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. म्हणजे त्यातून शाळेचा संडास होतो, पाण्याची टाकी होते, बाकीच्यासाठी ग्रामसभेत भांडायला लागतं की आराखड्यात शाळेचं नाव घाला. आणि ग्रामसभेत कोण भांडणार? पैसे देणारे मुंबईत, त्यांची मतदारयादीतली नावं वसई-विरारला. (काहींची दोन्हीकडे आहेत, तो विषय इथं नको.) २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गावात असतात त्या पोरांच्या आया आणि म्हातारी माणसं, आणि रस्ता-गटाराच्या भांडणात शाळेचा नंबर लागेपर्यंत जेवायची वेळ झालेली असते.

कायद्यात मात्र ह्याच आयांच्या हातात शाळा दिलेली आहे, हे मंडळातल्या कित्येकांना माहीतच नव्हतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, शाळेचा विकास आराखडा त्यांनी बनवायचा, पैशावर लक्ष त्यांनी ठेवायचं. आमच्याकडे अध्यक्ष एक वहिनी आहेत, त्यांची मुलगी तिसरीत. आजवर मंडळानं शाळेला जे जे दिलं त्यातल्या एकाही वस्तूबद्दल त्यांना कोणी विचारलं नव्हतं. फोटोत असतात त्या, कोपऱ्यात, नारळ हातात घेऊन.

पण देणं नुसतं दिखाव्याचं असतं असं म्हणणं पण अन्याय होईल, कारण २०२० मी पाहिलंय. मे महिन्यात चाकरमानी गावाला गेले तेव्हा गावानं त्यांना ह्याच शाळेत क्वारंटाइन केलं. चौदा दिवस शाळेत राहायचं, बाकांवर झोपायचं. तेव्हा मंडळाच्या मोठमोठ्या पदाधिकाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की शाळेच्या संडासाला दार नाही आणि पाणी खालच्या विहिरीवरून आणावं लागतं. आधी दहा वर्षं गुरुजी पत्र पाठवत होते, काही हललं नव्हतं. नंतर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, मंडणगड-दापोली झोडपून काढली, शाळेचं अर्धं छप्पर उडालं, कित्येक दिवस लाईट नाही, फोनला रेंज नाही. त्या वेळी मुंबईत राहिलेल्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही, स्वतःच्या नोकऱ्यांचा पत्ता नव्हता तरी पत्रे घेतले, ई-पास काढला, टेम्पो पाठवला, आणि वाडीतल्या पोरांनी वासे-रिपा बसवून पत्रे चढवले. इस्टिमेट नाही, उद्घाटन नाही, आणि त्या पत्र्यांवर कोणाचंही नाव नाही. त्याच वर्षी संडासाला दार आणि टाकी पण झाली. म्हणजे जमतं आपल्याला. फक्त संकट यावं लागतं किंवा स्वतः तिथं झोपायला लागावं लागतं.

नाहीतर देवळाचा जीर्णोद्धार काढला की लाखांनी जमतात, मी हिशेब लिहिते म्हणून सांगते, शाळेच्या दहा वर्षांच्या वर्गणीपेक्षा देवळाच्या एका वर्षाची जास्त आहे. आणि देवळाच्या वर्गणीत पण वाड्यावाड्यांचं राजकारण, कुठल्या वाडीचा मान पहिला, पालखी कुठून फिरणार, बौद्धवाडीचं मंडळ वेगळं, मोहल्ल्याचं वेगळं. शाळा ही एकच जागा आहे जिथं तिन्हीकडची पोरं एका पंगतीला खिचडी खातात. निदान त्यासाठी तरी ती राहिली पाहिजे असं मला वाटतं, शिक्षण-बिक्षण नंतरचं.

राहील का, हा प्रश्न आहेच. २०२३ मध्ये सरकारनं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची समूह शाळा, म्हणजे अशा छोट्या शाळा मिळून एक शाळा करायचं काढलं तेव्हा राज्यात अशा पावणेपंधरा हजारांच्या आसपास शाळा होत्या. नियम म्हणतो पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे. पण नकाशावरचा एक किलोमीटर आणि आमच्याकडचा एक किलोमीटर ह्यात मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा असतो, आणि तो जुलैत काय असतो ते बघायला या. त्याच वर्षी शाळा दत्तक योजनाही आली, कंपन्यांनी किंवा दानशूरांनी शाळा दत्तक घ्यायची, ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, मग शाळेला नावही देता येईल. सभेत एकानं गंभीरपणे विचारलं, आपण घेऊया का दत्तक? त्या दिवशी मंडळाच्या खात्यात जे होतं ते ऐकून त्यानंच विषय मागे घेतला.

तर ह्या वेळच्या सभेत मी एक आगाऊपणा केला. शाळेला काय द्यायचं हा विषय निघाला, कोणी म्हणालं स्मार्ट टीव्ही, कोणी म्हणालं गेट बांधू, कमानीसारखं, वर मंडळाचं नाव. मी वहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आधी त्या लाजल्या, सगळे पुरुष ऐकतायत म्हटल्यावर आवाजच निघेना. मग कोणीतरी म्हणालं, वहिनी, अजून दोन पंखे देऊ का, आणि तिथं त्यांचा बांध फुटला.

"भावोजी, पंखं काय करू? लाईट नाय शाळेत. टीव्ही दिलात तर तो बी कपाटात ठेवू. आमाला वरच्या वाडीतली पाच पोरं खाली आणायला रिक्षा पायजे. ती पोरं नाय आली तर पट नवावर येल. आन गुरुजी मीटिंगला गेलं का शाळा बंद, तवा पोरांना बसवायला कोन तरी पायजे."

सभेत एकदम कोणी काही बोललं नाही. कारण वहिनींनी मागितलं त्यातलं एकही असं नव्हतं ज्यावर नाव रंगवता येईल.

दुसरे शिक्षक आहेत, कागदावर. ते कामगिरीवर दुसऱ्या शाळेत, तिथं कोणीच नाही म्हणून. आमच्याकडे घाटावरून, मराठवाड्यातून शिक्षक येतात, चांगले असतात, पोरांना जीव लावतात, पण त्यांची नजर आंतरजिल्हा बदलीच्या यादीवर असते आणि का नसावी, म्हातारे आईवडील तिकडे. एक गेला की दुसरा यायला किती वेळ लागेल त्याचा भरवसा नाही. ह्यावर मंडळ काही करू शकत नाही, पत्र देऊ शकतं गटशिक्षणाधिकाऱ्यांना, ते दिलंय. पण लाईटबिल, रिक्षा, आणि वाडीतलीच एक बारावी झालेली सूनबाई आहे तिला महिन्याला थोडं मानधन, हे तीन खर्च आपल्या आवाक्यातले आहेत. अट एकच, हे दर महिन्याला लागणार. एकदा देऊन फोटो काढून संपणार नाही.

महिन्याला १०० रुपये, यूपीआयवर ऑटोपे, असा प्रस्ताव मी ठेवला. तिथून जी चर्चा झाली ती दोन तास. ऑटोपे म्हणजे खात्यातून किती पण कापतील का, इथून सुरुवात. मग माझी पोरं इंग्लिश मीडियमला, मी गावच्या रिक्षाचं भाडं का भरू, असं एकजण स्पष्ट बोलला, आणि मला तो आवडला कारण बाकीचे मनात तेच म्हणत होते. त्याला उत्तर खजिनदार काकांनी दिलं, म्हणाले तू आणि मी त्याच शाळेत शिकलो तेव्हा आपल्या वह्या कोणी घेतल्या होत्या, तुझ्या बापानं? मग पैसे शाळेच्या खात्यात टाकायचे की मंडळाच्या, पावती कोणाच्या नावाची, रिक्षावाला एका सभासदाचा मेव्हणा आहे मग ते चालेल का. आणि शेवटी अर्थातच नाव. एका भाऊंनी सुचवलं की रिक्षाच्या मागं सौजन्य म्हणून मंडळाचं नाव टाकू. टाका म्हटलं. रिक्षा चालू राहिली तर माझं काही म्हणणं नाही.

ठरलं ते एवढं, थकलेलं लाईटबिल मंडळ एकरकमी भरणार, पैसे मंडळाच्याच खात्यात पण वेगळ्या शीटवर, आणि दर तीन महिन्यांनी व्यवस्थापन समितीचा सहीशिक्क्याचा कागद आल्याशिवाय पुढचे जाणार नाहीत. कागद वहिनी व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवणार. साधारण चाळीसेक जणांनी हो म्हटलंय, त्यातल्या किती जणांचं ऑटोपे खरंच चालू होतं ते कळेलच. कमानीचं लोक अजून बोलतायत, ग्रुपवर डिझाइन पण आलंय.

अडकलंय ते पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर रिक्षा वरच्या वाडीपर्यंत चढत नाही, चिखलात रुतते, त्यासाठी जीप लागेल आणि जीपवाला दुप्पट मागतोय. १०० रुपयांत ते बसत नाही. पुढच्या सभेत हाच पहिला विषय आहे, कमान नाही. आणि ज्यांच्याकडे गेल्या वर्षीची पावतीपुस्तकं आहेत त्यांनी ती घेऊन या, कोरी असली तरी आणा, ऑडिटवाला माझ्या मागं लागलाय.