दहा हजार पाठ करून आलेली पोरं

मी कतारमध्ये दोहात एका कन्स्ट्रक्शन कंपनीत एचआर बघतो, नेपाळची भरती माझ्याकडे असते. काठमांडूला बसुंधरा भागात एका मॅनपावर एजन्सीच्या हॉलमध्ये स्कॅफोल्डरचे, म्हणजे बांधकामाची परांची बांधणाऱ्यांचे, इंटरव्ह्यू चालू होते, सकाळी ट्रेड टेस्ट झालेली, पोरं कामाला एकदम तयार होती. मी नेहमीप्रमाणे प्रत्येकाला हिंदीत विचारत होतो, भाई एजन्सीला किती पैसे दिले? पहिला म्हणाला दहा हजार. दुसरा दहा हजार. पुढचे सगळे तेच, आणि विचारायच्या आधीच खिशातून पावती बाहेर.

आता हा दहा हजार आकडा कुठून येतो ते सांगतो. नेपाळ सरकारने 2015 मध्ये आखाती देश आणि मलेशियासाठी नियम केला, व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यायचं, एजन्सीने कामगाराकडून फार तर दहा हजार नेपाळी रुपये घ्यायचे. पण आमच्या कंपनीने तर एजन्सीचा सर्व्हिस चार्जही स्वतः भरलेला, मग हे दहा हजार तरी कशाचे? आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य म्हणजे कोणीतरी आदल्या दिवशी बसवून पाठ करून घेतलंय हे उघड होतं.

चहाची सुट्टी झाली तसं मी एजन्सीच्या माणसाला नोटरीच्या कागदांसाठी खाली पाठवलं आणि सिराहाचा, म्हणजे नेपाळच्या तराईतल्या जिल्ह्याचा, एक पोरगा होता, तेवीसेक वर्षांचा, त्याच्याशी गॅलरीत बोलत उभा राहिलो. आमचा मैथिली बोलणारा फोरमन दोह्यात ड्युटीवर होता, त्याला व्हॉट्सअॅपवर घेतलं, कारण तराईतली पोरं आपल्या भाषेत जरा मोकळी होतात. पैसे किती दिले हे विचारलंच नाही. विचारलं, घरी कर्ज किती आहे, आणि व्याज काय लावलंय? पोरगा बराच वेळ मोबाईलचं कव्हर काढत घालत राहिला, मग फोनवरच फोरमनला म्हणाला, एक लाख चाळीस हजार, तीन रुपये सैकडा. महिन्याला. म्हणजे बेचाळीसशे नुसतं व्याज! आमचा बेसिक एक हजार रियाल, कतारचं किमान वेतन 2021 पासून तेवढंच आहे, तेव्हा नेपाळीत साधारण छत्तीस हजार, त्यात घरी पाठवायचे, त्यात मुद्दल फेडायची. वर त्याला गावात सांगितलेलं की पगार अठराशे. कारण खाणं-राहण्याचे जे तीनशे आणि पाचशे कायद्यात धरलेत ते मिळवून सांगितलेले, पण आम्ही कॅम्प आणि मेस देतो त्यामुळे ते हातात येतच नाहीत. हा पोरगा खरं सांगणारं काँट्रॅक्ट पहिल्यांदा बघणार कुठे, तर कतार व्हिसा सेंटरला सही करताना, तोवर कर्ज डोक्यावर.

एजन्सीच्या मालकाला विचारलं तर म्हणे साहेब, आम्ही पावतीपेक्षा एक पैसा घेतला नाही, गावात कोण कोणाला देतो आम्हाला काय माहीत. पोरांनी ज्याला पैसे दिले तो गावातला दलाल यांच्याचसाठी पोरं आणतो, आणि ह्यांना माहीत नाही! मी फायनल सिलेक्शन लिस्टवर सही थांबवली. नेपाळी दूतावासाने अटेस्ट केलेल्या आमच्या डिमांड लेटरचं, म्हणजे कामगार मागणीच्या पत्राचं, सगळं पुढचं काम, श्रम स्वीकृतीपर्यंत, म्हणजे नेपाळ सरकारच्या परदेशी कामाच्या परवान्यापर्यंत, त्या सहीवर अडकतं, त्यामुळे ओरडा झाला.

इथे बऱ्याच कंपन्या जे करतात ते मला अजिबात पटत नाही. पैसे भरलेत कळलं की त्या पोरालाच लिस्टमधून काढतात, आपले हात स्वच्छ. अरे, मग त्याच्याकडे कर्ज राहिलं आणि नोकरीही गेली, आणि पुढच्या बॅचमध्ये कोणी तोंड उघडणार नाही. मी सगळ्यांना एकत्र बसवून आधी हे सांगितलं की खरं बोलणाऱ्याची नोकरी जाणार नाही, माझ्या सहीचं पत्र देतो. मग आकडे बाहेर यायला लागले, ऐंशी हजार, एक लाख, दीड लाख.

एजन्सीला अट घातली, पैसे आधी बँकेत परत, पोराच्या स्वतःच्या खात्यावर, मग सही. रोख चालणार नाही कारण रोख दिल्याचा फोटो काढून नंतर परत घेतात. बहुतेकांचे आले. त्यानंतर झीरो सर्व्हिस चार्जचं कोटेशन देणाऱ्या एजन्सीला मी बोलवतच नाही, पर्चेसवाले कितीही खूश असोत, तो चार्ज कोणाच्या तरी घरची जमीन भरते.

एका पोराने मात्र दलालाचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही, सख्खा मामा होता त्याचा. तो आता आमच्या साइटवर आहे आणि पगारातून व्याज भरतोय. त्याचे पैसे कंपनीने द्यावेत असं मी लेखी दिलंय, अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या बजेट मीटिंगला परत मांडणार आहे.