बारावा रकाना

प्लेटमधला बारावा रकाना जांभळा झालेला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या रकान्यात पेशी नव्हत्याच.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी सेलेनियमच्या नॅनोकणांवर पीएचडी करत होते. कण बनवणं तसं सोपं. सोडियम सेलेनाइटच्या रंगहीन द्रावणात थोडं अल्ब्युमिन हे प्रथिन टाकायचं आणि ढवळत ढवळत थेंबाथेंबाने व्हिटॅमिन सी सोडायचं. बघता बघता द्रावण पिवळसर होतं, मग शेंदरी. अल्ब्युमिन कणांना वेढून राहतं. ते नसेल तर कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी बसतात. तो शेंदरी रंग उगवताना किती वेळा पाहिला असेल, तरी दर वेळी हातातलं काम थांबायचं.

हे कण निरोगी पेशींना इजा करत नाहीत, एवढं दाखवायचं होतं. त्यासाठी एमटीटी चाचणी, छोट्या छोट्या खळग्यांच्या, म्हणजे ‘वेल’च्या, प्लेटमध्ये. एमटीटी हा पिवळा रंग. जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मझान करतात. जांभळं जितकं गडद तितक्या पेशी जिवंत. उंदराच्या एल-९२९ पेशींवर चार तासांच्या चाचणीत आमचे आकडे तीनदा उत्तम आले होते. डोस वाढवला तरी रंग फिका पडेना, उलट किंचित गडदच व्हायचा. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. मी मात्र शोधनिबंधाच्या मसुद्यात लिहून टाकलं होतं, ‘पेशींच्या वाढीला पोषक’.

नव्याने आलेली ज्युनियर त्या सकाळी म्हणाली, “ताई, पेशी नसलेल्या वेलमध्येही कण घालून बघूया का? कणांचा स्वतःचा शेंदरी रंग रीडिंगमध्ये येत असेल तर तेवढा वजा करता येईल.” तिला शेंदरी रंगाची शंका होती. दुपारी निघाला जांभळा.

मग आम्ही दोघी जेवायलाही उठलो नाही. कण सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवले, वरचं पाणी काढलं आणि त्यात एमटीटी टाकला. जांभळा. नुसत्या व्हिटॅमिन सीच्या द्रावणात टाकला. तोही जांभळा. ज्या गुणामुळे व्हिटॅमिन सी सेलेनाइटला इलेक्ट्रॉन देतं, त्याच गुणामुळे ते एमटीटीलाही देत होतं. सेलेनाइटच्या एका रेणूला त्याचे दोन रेणू पुरतात. प्रक्रिया पुरी व्हावी म्हणून आम्ही कितीतरी जास्त घालत होतो आणि कण एकदाच धूत होतो. जिवंत पेशींच्या नावावर मी उरलेलं व्हिटॅमिन सी मोजत आले होते.

सेलेनियमच्या बाबतीत ही चूक फार जड आहे. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, आणि अमेरिकेत ठरवलेली वरची मर्यादा ४०० आहे. सतत त्यापलीकडे गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. प्रोस्टेटचा कर्करोग टळेल या आशेने ३५,५३३ पुरुषांवर ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी झाली होती. काहींना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. एवढ्या अरुंद वाटेवरच्या पदार्थाला मी ‘सुरक्षित’ म्हणणार होते.

संध्याकाळी मॅडमना प्लेट दाखवली. त्यांनी ती बराच वेळ उजेडात धरली आणि म्हणाल्या, “मसुदा परत घे. आजच.” सहलेखकांना मेल लिहायला मला तासभर लागला, वाक्यं चारच होती.

मग तीन दिवस डायलिसिस, म्हणजे कण बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचे, की उरलेलं व्हिटॅमिन सी बाहेर निघून जातं. पिशवीबाहेरचं पाणी आम्ही आळीपाळीने बदलत होतो, रात्रीसुद्धा. आधी त्या पाण्यात एमटीटी टाकून पाहिला. तो पिवळाच राहिल्यावर नव्या पेशी लावल्या.

या वेळी बारावा रकाना लिंबासारखा पिवळा राहिला. कमी डोसच्या वेलमध्ये जांभळा रंग भरलेला होता. सगळ्यात वरच्या दोन डोसांचे वेल मात्र बाराव्या रकान्याच्या जवळ गेले होते, आणि मायक्रोस्कोपखाली तिथल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसल्या. ज्युनियरने वही उघडली. मी आकडे सांगत गेले, ती लिहीत गेली.