निळ्या शिडाची होडी बडनेऱ्यातच राहिली

नागपूरच्या माणसाला होडी घ्यायची आहे म्हटलं की लोक आधी हसतात. झिरो माइलपासून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर. अमरावतीची ताई तर म्हणाली, "काहून रे? पुन्हा पूर येनार हाय का?" २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आपल्याच शहरात माणसं बोटीने काढावी लागली होती, म्हणून मी गप्प बसलो.

खूळ मात्र जुनं. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होतो, ह्याच अंबाझरीवर 'एंटरप्राइज' चालवायला शिकलो. दोघांची होडी, लांबी सव्वातेरा फूट, जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने १९५६ मध्ये डिझाइन केलेली. निळं शीड ही तिची खूण. 'शीट' म्हणजे शीड नव्हे, शीड ताणायची दोरी, हे मला तिथेच कळलं. तेही दोनदा पाण्यात पडल्यावर.

जानेवारीत मुंबईच्या एका दलालाने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले. फायबरची एंटरप्राइज, शीड, डोलकाठी, ट्रेलर, सगळं मिळून एक लाख चाळीस हजार. मी लगेच विचारलं, सेंटरबोर्डच्या, म्हणजे होडीच्या पोटातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, खोबणीपाशी गळते का? सुकाणूच्या बिजागऱ्या हलतात का? जुन्या फायबरवर नाण्याने टकटक करत जायचं असतं. आवाज कडक आला तर ठीक, बद्द आला तर आतले थर सुटलेत. शीड उन्हात पडून राहिलं असेल तर कापड दिसतं चांगलं, पण शिवण हाताने उसवते. ह्यातलं काहीच फोटोत दिसत नाही. दलालाचं एकच उत्तर, "साहेब, एकदम मेंटेन्ड आहे. दहा हजार टोकन टाका, तुमच्यासाठी थांबवतो."

टोकन मी टाकलं नाही. सेकंड हँड स्कूटर न बघता घेऊन एकदा हात पोळलेत. म्हटलं, शनिवारी येतो, बघतो, जागेवर पैसे देतो. तो म्हणाला, "या ना साहेब, तुमचीच आहे."

'तुमचीच आहे' हे वाक्य मी शब्दशः घेतलं. आठ दिवस गच्ची मोजली. खालच्या मजल्यावरच्या काकांशी पार्किंगवरून वाकडं घेतलं. दोन लाइफ जॅकेट मागवले. इतवारीत जाऊन तीस मीटर दोरी घेतली, कारण जुन्या होडीवरच्या दोऱ्या आधी बदलायच्या असतात. बायको एवढंच म्हणाली, "अहो, होडी आधी की दोरी आधी?"

शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. बडनेऱ्याला गाडी थांबली आणि फोन वाजला. "साहेब, सॉरी हां, दुपारी एक पार्टी गाडीला ट्रेलर लावूनच आली. ओनर ऐकेना." मी म्हटलं, अहो, मी गाडीत बसलोय! तर म्हणे, "टोकन असतं तर मी बोललो असतो ना."

राग त्याचा नाही आला, हे खोटं. आला. पण त्याचं कमिशन होडी विकली जाण्यात होतं, मला विकली जाण्यात नव्हे. 'साहेब, साहेब' करणारा तो माणूस मालकाचा होता आणि मी त्याला आपला समजून बसलो होतो. मालकाचा नंबर मी एकदाही मागितला नाही. भिडस्तपणा, दुसरं काय. बरं, त्या दुपारच्या पार्टीने तरी नाणं वाजवून बघितलं असेल का, हा प्रश्न मला अजून पडतो.

बॅग उचलून बडनेऱ्यालाच उतरलो. ऑटो करून ताईकडे गेलो. तिने पिठलं-भाकरी वाढली आणि होडीचं नावही काढलं नाही, तेव्हा समजलं की बायकोचा फोन आधीच येऊन गेलाय.

सोमवारी दोरी घेऊन इतवारीत गेलो. दुकानदाराने गुंडाळी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, कापलेली दोरी वापस नाही होत."