आधी प्रश्न, मग नाव

"कोण सांगेल?" असं विचारलं की पहिल्या बाकांवरचे तेच चार हात वर होतात आणि बाकीचा वर्ग निर्धास्त. कोणीतरी उत्तर देणारच असेल, तर घरून वाचून यायचं कशाला? रोल नंबरच्या क्रमाने विचारलं, तर मुलं आपल्या वाट्याचा प्रश्न मोजून तेवढाच बघून ठेवतात.

तयारी खरी वाढते ती डब्यातून मुलांच्या नावाची चिठ्ठी काढून विचारल्यावर. मात्र क्रम पाळा: आधी प्रश्न, मग किमान ३ सेकंद शांतता, मग चिठ्ठी. नाव आधी घेतलं की उरलेले लगेच सुटतात. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवलं होतं, की शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि कारणांसकट येतात. निघालेली चिठ्ठी डब्यात परत टाका, नाहीतर एकदा उत्तर दिलेला विद्यार्थी पुन्हा पुस्तक उघडत नाही.

प्रश्न कसा आहे, हेही महत्त्वाचं. "मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते ते) म्हणजे काय?" याचं उत्तर गाईडमधून पाठ येतं. "मिठाचा भाव दुप्पट झाला तर खप फारसा का घटत नाही?" इथे आदल्या दिवशी दिलेली ४ पानं वाचलेली लागतात. ४० पानं दिली, तर कोणीच वाचत नाही. चुकलेल्या उत्तरावर पाणउतारा केला, तर मुलं वाचत नाहीत, तासाला दांडी मारतात. "पास" म्हणायची मुभा ठेवा, पण पुढच्या तासाला त्याच विद्यार्थ्याकडे परत या.